वाणाचा टीव्ही

४ मे, सोमवार

आज पाण्याचा दिवस, म्हणून टाकी भरेपर्यंत घरातच होते. अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात मृण्मयीचे सासरे, तात्यासाहेब. पैठणहून आले, तेही न कळवता. त्यांचा ड्रायव्हर कचरू खाली गाडीतच बसून राहिला.

"शहरात जरा काम व्हतं," एवढंच म्हणाले. कसलं, ते सांगितलं नाही. डोळ्यांवर काळा गॉगल होता, तो घरात आल्यावरही काढला नाही. आमच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं. हे मात्र माझ्या खांद्यावरून मागच्या कपाटाशी बोलत होते. पोह्यांची बशी पुढे ठेवली, तिला हात लावला नाही. पाण्याचा पेला कोपर लागून सांडला तेव्हा "ऱ्हाऊ द्या, वाळंल" म्हणाले. फरशी पुसणारी मी होते.

मग उठून टीव्हीजवळ गेले. नाक काचेला लागेल इतके जवळ.

"हा किती इंची म्हणायचा?"

"बत्तीस," आमचे अनंतराव म्हणाले.

"अन् मोठ्यात काय काय प्रकार येतेत आता? लई नावं ऐकतो. ताई, तुमी इंग्रजीतलं वाचता. जरा बघून ठिवा, कुठला बरा. मोठा पायजे मात्र. भिंतभर असला तरी चालंल."

ते गेल्यावर मी कॅलेंडर बघितलं. सतरा तारखेला अधिक महिना लागतो. लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. आमच्या घरात जावयांना पुरणाचे धोंडे खाऊ घालून वाण देण्याचं प्रस्थ कधीच नव्हतं, पण त्यांच्याकडे ते मोठं असतं हे मला ठाऊक आहे.

"अगं, ते नुसतं विचारत होते," अनंतराव म्हणाले.

"मागत होते."

"मागायचं असतं तर मागितलं असतं की. सरळ माणूस आहे."

"सरळ माणसं अशीच मागतात."

अनंतराव हसले. मला हसू आलं नाही. लाज वाटली. कोणाची, ते नीट सांगता येत नाही.

७ मे, गुरुवार

कालपासून माझ्या पपांच्या टीव्हीची आठवण येते आहे. छावणीत आमच्या गल्लीतला तो पहिला. लाकडी पेटीत बसवलेला, दोन्ही बाजूंनी सरकणारी दारं, वर आईनं विणलेला रुमाल. रविवारी संध्याकाळी चपलांची रांग फाटकापर्यंत जायची. एकदा शेजारच्या बाईंनी जाताना दबक्या आवाजात विचारलं, उद्याही येऊ का. आई नंतर कितीतरी वेळ अस्वस्थ होती. म्हणाली, आपण आधीच बोलावलं असतं तर त्या बिचारीवर विचारायची वेळ आली नसती. तेव्हापासून आई शनिवारीच सगळ्यांना निरोप धाडायची.

ती आई आठवली आणि ठरवलं. त्यांनी पुन्हा विषय काढण्याआधी टीव्ही घरात पोचलेला असला पाहिजे.

मृण्मयीला फोन केला.

"तात्या आले होते ना?" तिनं लगेच विचारलं. "काय म्हणाले?"

"मोठा टीव्ही हवा म्हणाले."

"हो. हवाय त्यांना. आई, तू त्यांना जास्त काही विचारू नकोस हं. आम्हाला बजावलंय, बाहेर कुठे बोलायचं नाही."

"कळतं मला."

"त्यांना तुझ्याशिवाय दुसरं कोणी सुचलंच नाही. तू मनावर घेतलंस तर बरं होईल."

माझी मुलगी. कॉलेजात मुलांना अर्थशास्त्र शिकवते, आणि सासऱ्यांचं मागणं असं हळू आवाजात पोचवते. बजावलंय म्हणे. मागायचं आणि मागितल्याचं कळूही द्यायचं नाही.

१२ मे, मंगळवार

जालना रोडवरच्या दुकानात गेलो. अधिकात नवी खरेदी नको, म्हणून आजच. एका भिंतीवर सगळे टीव्ही, सगळ्यांत एकच मासा पोहत होता. शिवम नावाचा विक्रेता भेटला. त्याला जो दाखवायला सांगू तो सगळ्यात चांगला.

"मॅडम, ये पंचहत्तर इंच. सादा एलईडी, लेकिन उजाला देखो. दिवसा दार उघडं असलं तरी टकाटक."

तो खरंच अवाढव्य होता. रंग भडक, लग्नाच्या मांडवासारखे.

"आणि हा?" मी शेजारच्याकडे बोट केलं.

"ओएलईडी. ये अलगच चीज आहे. काला देखो, कैसा दिखता. पंचावन्न इंच. अंधाऱ्या खोलीत तर थेटर."

त्यानं त्यात रात्रीचं आकाश लावलं. काळा अगदी खरा काळा. शाळेच्या हॉलमध्ये सिस्टर जाड पडदे ओढायच्या आणि आम्ही मुली एकमेकींचे हात धरून प्रोजेक्टर सुरू व्हायची वाट बघायचो, तो काळोख मला इतक्या वर्षांनी परत दिसला. मी तिथे उभीच राहिले.

"अगं, त्यांनी मोठा म्हटलं होतं," अनंतराव म्हणाले. "हा पंचहत्तरचा स्वस्तही आहे."

"द्यायचा तर आपल्या पसंतीनं द्यायचा."

"बघणार ते आहेत."

"अहो, चांगलं काय असतं ते त्यांनाही कळू दे की."

पंचावन्नचा घेतला. इथे खरं लिहायला हवं. निवडताना मला आनंद झाला आणि त्या आनंदात थोडा दुष्टपणा होता. मोठा मागितलात ना? मी चांगला देते.

१६ मे, शनिवार

काल दुकानाची माणसं पैठणला टीव्ही लावून आली. मृण्मयीचा फोन संध्याकाळी.

"आई, हे काय केलंस?"

"धोंड्याचं वाण. ऋतुराजना. लहान वाटला का?"

"आई..." मग म्हणाली, "आधी मला विचारायचंस."

म्हणजे लहानच वाटला. मग जावई ऋतुराज फोनवर आले, "आई, एवढं कशाला" म्हणाले. त्यांचा आवाज पडलेला. मागून तात्यासाहेब काहीतरी बोलत होते, मग दार लावल्याचा आवाज आला.

आज सकाळी कचरू आंब्याची पेटी घेऊन हजर. "तात्यांनी धाडल्यात. झाडावरचे हायेत. आणिक येतील." मंगळवारी पुन्हा येणार म्हणाला. टीव्हीच्या बदल्यात आंबे. अनंतरावांनी लगेच एक कापला. मी खाल्ला नाही.

२४ मे, रविवार

धोंड्याचं जेवण झालं. लिहवत नाही.

२६ मे, मंगळवार

आज लिहिते.

चौघंही आले होते. जावई, मृण्मयी, तात्यासाहेब आणि तिच्या सासूबाई, लक्ष्मीबाई. मी पहाटेपासून पुरण वाटत होते. ताटात दिवा ठेवून जावयांना वाण दिलं, अनारसे दिले, ओवाळलं. ते वाकून पाया पडले. मुलगा गुणी आहे, हे मी कधीच नाकारलं नाही.

जेवताना तात्यासाहेबांचं पुन्हा तेच. गॉगल नव्हता, पण नजर माझ्याकडे नाही, दाराकडे. लक्ष्मीबाई त्यांच्या शेजारी बसून पुटपुटत होत्या, "भाजी डाव्या अंगाला. वाटीत तूप हाय, गरम हाय." घास तेवढे भरवायचे बाकी होते. नवऱ्याचं इतकं करणारी बाई बघून माझा पारा चढत होता.

अनंतरावांनीच विषय काढला. "काय तात्यासाहेब, टीव्ही कसा आहे?"

"झाक हाय," ते ताटाकडे बघत म्हणाले. "कशाला एवढा खर्चात पडलात तुमी."

आणि मी बोलले. अगदी हळू, हसत, जसं आम्हाला शाळेत बोलायला शिकवलं तसं.

"तुम्ही मागितलात तेवढा मोठा नाही हं. काय आहे, आमच्यात मागून घ्यायची पद्धत नाही, त्यामुळे मागितल्यावर किती द्यायचं याचा अंदाज चुकतो."

जावयांनी हातातला घास खाली ठेवला.

"मागितला?" तात्यासाहेब म्हणाले. तोंड दाराकडेच. "आरं देवा. धोंडा तोंडावर हाय हे माझ्या ध्यानातच नाय आलं. चुकलं माझं, ताई. लई चुकलं."

एवढंच. मग त्यांनी पाण्यासाठी हात पुढे केला आणि तो हात रिकाम्या ताटलीपाशी फिरत राहिला. पेला वीतभर लांब होता. लक्ष्मीबाईंनी तो त्यांच्या बोटांना लावून दिला.

मृण्मयी उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेले. ओट्याला टेकून ती म्हणाली, "आई, तात्यांना दिसत नाही."

मला वाटलं, मीच नीट ऐकलं नाही.

"मधलं दिसत नाही. कडेकडेचं तेवढं दिसतं. म्हणून तुझ्याकडे बघायचं असलं की ते तोंड दुसरीकडे करतात. त्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यातून सरळ तुझ्याकडे आले होते, डोळ्यांत औषध घातलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, मोठ्या पडद्यावर अजून काही महिने थोडंफार बघता येईल. त्यांना कुस्त्या बघायच्या असतात, दुसरं काही नाही. स्वतःच्या पैशानं घेणार होते. तुला फक्त कुठला घ्यावा ते विचारलं."

"पैठणला दुकानं नव्हती का?"

"सगळी ओळखीची. कशाला हवाय, इतका मोठा कशाला, म्हणून विचारणार. म्हाताऱ्याची नजर गेली हे एकदा कळलं, की शेजारचे शेतातला बांध सरकवायला कमी करणार नाहीत, असं त्यांच्या मनात बसलंय. मला शपथ घातली होती."

"मग टीव्ही घेतला का ठेवून? परत का नाही पाठवला?"

"वाण कसं परत पाठवणार, आई? तुझा अपमान झाला असता. ऋतुराजला म्हणाले, ठेव, पण हंगाम सरेपर्यंत त्यांच्याकडे आंबे पोचते झाले पाहिजेत." मग ती रडायला लागली. "लग्नात त्यांनी काही मागितलं होतं का गं?"

नव्हतं मागितलं. नारळसुद्धा नाही.

बाहेर आले तर तात्यासाहेब अनंतरावांना पावसाचा अंदाज सांगत होते. जाताना त्यांनी हात जोडले, जिन्याच्या दिशेला. मीही जोडले. ते त्यांना दिसले की नाही, कोण जाणे.

३१ मे, रविवार

मृण्मयीचा फोन नाही. मी दोनदा केला. "वर्गात आहे" असा निरोप आला. कॉलेजला तर सुट्टी आहे.

आंब्याची पेटी मात्र पुन्हा आली. कचरूला म्हटलं, आता पुरे. तो म्हणाला, "मला सांगू नका बाई, तात्यांना सांगा." अनंतराव म्हणतात, चल, जाऊन येऊ. मी म्हणते, काय तोंड घेऊन जाऊ. ते म्हणाले, "आहे तेच ने. त्यांना चालेल." मग स्वतःच ओशाळले.

दुकानात फोन केला. एकदा भिंतीवर लावलेला टीव्ही ते परत घेत नाहीत, बदलूनही देत नाहीत.

४ जून, गुरुवार

पैठणला जाऊन आलो.

बैठकीला मोठं दार, समोर उघडं अंगण, आणि दारासमोरच्याच भिंतीवर माझा टीव्ही. चालू होता. त्यात अंगण दिसत होतं, दाराची चौकट, दोरीवरचे कपडे, आणि चौकटीत मी, पर्स पोटाशी धरून उभी. चित्र त्याच्या मागे कुठेतरी हलत होतं.

"उन्हाचं नाय दिसत त्याच्यात," लक्ष्मीबाई घाईनं म्हणाल्या. "सांजंला लई भारी दिसतं बघा."

माफीचं वाक्य मी गाडीत पाठ केलं होतं. पहिल्यांदा ते इंग्रजीतच सुचलं. फार सुंदर होतं. मराठीत आणताना त्यातलं काहीच उरलं नाही. शेवटी म्हटलं, "तात्यासाहेब, मी फार वाईट बोलले. आणि बोलण्याआधी वाईट विचार केला."

ते खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसले होते, कान पडद्याकडे करून. हसले. "ताई, चूक माझी बी हाय. अधिकाच्या तोंडावर जावयाच्या बापानं टीव्हीचं नावच घ्यायचं नसतं. शेंबड्या पोराला कळतं ते."

"हा मी घरी नेते. तुमच्यासाठी दुसरा पाठवते. मोठा."

"वाण हाय ते," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "कुणी माघारी नेतं व्हय?"

"माझं बी नाय ते. जावयाचं हाय," तात्यासाहेब म्हणाले. "त्यांच्या खोलीत लावू, तिथं अंधार असतो. माझा मी घेईन. पैसं माझं. तुमी नुसत्या संगं चला."

"अधिक संपू दे की मग," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"तवर अजून किती जाईल ते तुला ठावं हाय का?" ते शांतपणे म्हणाले.

मृण्मयी चहा घेऊन आली. माझा कप तिनं माझ्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला.

९ जून, मंगळवार

तात्यासाहेब, लक्ष्मीबाई आणि मृण्मयी आले. दुकानात गेलो. शिवम दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे होता. मी तात्यासाहेबांना कोपराला धरून पंचहत्तर इंची टीव्हीसमोर नेलं.

"हा बघा. कसा वाटतो?"

त्यांनी मान जराशी वळवली, थांबले आणि म्हणाले, "लई भारी. हाच घेऊ. दिसतंय की सगळं."

टीव्ही बंद होता.

लक्ष्मीबाईंनी पदर तोंडाला लावला. मृण्मयी माझ्याकडे बघत होती. मला कळलं की ते माझ्यासाठी बोलले. बाईनं इतकी खटपट करून आणलं, तिला बरं वाटू दे, एवढ्यासाठी. मला गप्प राहता आलं असतं. टीव्ही घेतला असता, बिल केलं असतं, ते घरी जाऊन रोज "दिसतंय" म्हणाले असते, आणि आम्ही सगळे एकमेकांशी छान वागलो असतो. गप्प राहावंसं वाटलं, हेही लिहून ठेवते.

"तात्यासाहेब," मी म्हटलं, "अजून लावलेला नाही तो. मलाही काहीच दिसत नाहीये."

क्षणभर ते तसेच उभे राहिले. मग हसायला लागले. पोट धरून, आजूबाजूची माणसं वळून बघेपर्यंत हसले. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "आता गं बाई," आणि त्याही हसू लागल्या. हसता हसता ते तिथल्या स्टुलावर बसले.

"नाय दिसत, ताई," ते म्हणाले. "मधलं काहीच नाय दिसत." लक्ष्मीबाईंचा हात त्यांच्या पाठीवर गेला. मृण्मयी नंतर म्हणाली, इतके दिवस घरात ते 'जरा पुसट' एवढंच म्हणायचे. असं सरळ आजच बोलले.

मग मात्र काम नीट झालं. शिवमनं मोबाईलवरची कुस्ती एकेका टीव्हीवर लावली. मी स्टूल पुढे घेत होते, मागे घेत होते, तिरकं करत होते.

"आता?"

"लाल लंगोटवाला कळतो. दुसरा नाय."

"आता?"

"चमकतंय. लाईटच दिसतोय नुसता."

"आणि असं बसलं तर?"

"हां. आता हाय. खालचा पाय दिसला. ताई, त्यानं पट काढला बघा."

मला पट म्हणजे काय ते कळलं नाही. समोरच्याचा पाय ओढून त्याला खाली आणायचं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. जो टीव्ही मी भडक म्हणून नाक मुरडून सोडला होता, तोच ठरला. भिंतीपासून हातभर लांब, जरा डावीकडे बसायचं. पैसे त्यांनी दिले. मी आड आले नाही.

परतताना गाडीत मृण्मयी माझ्या शेजारी बसली. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं नाही, पण पर्समधून रुमाल हवा होता तो न विचारता काढून घेतला, शाळेत असताना घ्यायची तसा.

तात्यासाहेब पुढच्या सीटवर होते. गारखेड्याच्या सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "ताई, तुमचा चेहरा म्या नीट पाह्यला तो पोरांच्या लग्नात. तवा डोळं चांगले व्हते. आता तुमचा आवाज आला, की तोच चेहरा लावून घेतो."

"कसा होता?" मी विचारलं.

"चांगलाच व्हता की," ते म्हणाले. दुकानात बंद टीव्हीपुढे "लई भारी" म्हणाले होते, त्याच आवाजात.

१० जून, बुधवार

सकाळी कपाटातून लग्नाचा अल्बम काढला. इतके दिवस तो उघडला नव्हता. मृण्मयी सुंदर दिसते आहे. अनंतराव फेट्यात घामाघूम. तात्यासाहेब सगळ्यांत उंच, मोकळं हसणारे, कोणाच्या तरी पाठीवर थाप मारताना.

मी पानं उलटत गेले. व्याहीभेटीचा फोटो मोठा करून चिकटवला आहे. लक्ष्मीबाईंनी मला मिठी मारली आहे आणि तात्यासाहेब बाजूला उभे राहून आमच्याकडे कौतुकानं बघताहेत. माझे हात खाली आहेत. ओठ मिटलेले, हनुवटी वर, नाकाशी एक बारीक आठी. कोणीतरी चुकून आपल्या घरात शिरलं आहे आणि ते बाहेर जाण्याची आपण सभ्यपणे वाट बघतो आहोत, तसा चेहरा.

पुढचे सगळे फोटो बघितले. एखाद्यात तरी हसले असेन, असं वाटलं होतं.

त्यांच्याजवळ माझा हाच चेहरा आहे. आता दुसरा मिळायचा नाही.